जुनी बोट घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

‘एकाच मालकाने वापरलेली. इंजिन जेमतेम ३०० तास चाललेलं. तळाला नवा रंग. पाण्यात उतरवायला तयार.’ वापरलेल्या बोटींच्या जाहिराती थोड्याफार फरकाने अशाच असतात. पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला यातल्या प्रत्येक वाक्याने धीर येतो. बोटी दुरुस्त करणाऱ्याला मात्र त्याच वाक्यांवरून चार प्रश्न पडतात. त्या एका मालकाने ती सांभाळली किती? ३०० तास किती वर्षांत झाले? रंग आत्ताच का काढला? आणि तयार आहे म्हणता, तर शेवटची पाण्यात कधी होती?

जुनी गाडी घेताना मॉडेल, वर्ष आणि किलोमीटर कळले की भावाचा अंदाज येतो. बोटीचं तसं नाही. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी निघालेल्या दोन बोटींच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो आणि दोन्ही किमती रास्त असू शकतात. कारण बोट नुसती उभी असली तरी ऊन, पाणी आणि खार यांचं काम चालूच असतं. त्यामुळे दरवर्षी काही ना काही करावंच लागतं. रबराचे भाग बदला, तेल बदला, सांधे पुन्हा बंद करा, वायरिंग तपासा. मालकाने हे केलं तरी वरून दिसत नाही आणि पुढच्या वर्षावर ढकललं तरी लगेच दिसत नाही. ढकललेलं काम साठत जातं आणि बोट विकली की नव्या मालकाच्या गळ्यात पडतं.

तेव्हा वापरलेल्या बोटीची खरी किंमत म्हणजे धडधाकट बोटीची किंमत वजा राहून गेलेली कामं. पहिला आकडा विक्रेता सांगतो. दुसरा आपला आपण शोधायचा असतो.

## लांबी थोडी वाढते, खर्च फार वाढतो

‘बोट कशासाठी हवी?’ याचं उत्तर ‘फिरायला’ एवढंच असेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही. तलावात दोन-तीन तास गळ टाकून बसणं, खाडीत घरच्यांना घेऊन चक्कर मारणं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊन बोटीतच रात्र काढणं, या तिन्हींसाठी वेगवेगळ्या बोटी लागतात. तिन्ही कामं करणारी बोट शोधायला गेलेला माणूस शेवटी गरजेपेक्षा मोठी बोट घेतो.

मोठी म्हणजे किती मोठी, हे गणिताने पाहू. २० फुटांऐवजी ३० फुटांची बोट घेतली तर लांबी दीडपट झाली. पण रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढली असेल, तर पृष्ठभाग सव्वादोन पट होतो आणि आकारमान जवळपास ३.४ पट. रंग पृष्ठभागावर लागतो. वजन, इंजिनाची ताकद, नांगर, दोर, पाण्याबाहेर काढायची क्रेन हे सगळं आकारमानाच्या मागे धावतं. म्हणूनच ‘थोड्याशाच जास्त पैशात मोठी मिळतेय’ हा सौदा खरेदीच्या दिवसापुरताच स्वस्त असतो.

बोट बघायला जाण्याआधी दोन फोन करा. बोट ठेवायला जागा मिळेल का, आणि या वयाच्या, या प्रकारच्या बोटीचा विमा कोणी उतरवेल का? जुन्या बोटीसाठी अनेक विमा कंपन्या आधी तज्ज्ञाचा तपासणी अहवाल मागतात, काही तर वय ऐकूनच नकार देतात. बोट घेतल्यावर हे कळून उपयोग नाही.

## फायबर कुजत नाही, पण आतलं लाकूड कुजतं

बाजारात दिसणाऱ्या बहुतेक लहान बोटी फायबरच्या असतात. काचेच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केले की बोटीचं अंग तयार होतं. त्यावर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत, गुळगुळीत थर असतो, तो जेलकोट. फायबर कुजत नाही हे विक्रेत्याचं म्हणणं खरंच आहे. पण बोट नुसत्या फायबरची नसते.

डेक हलका आणि तरीही ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, फोम किंवा प्लायवूड भरलेलं असतं. याला कोअर म्हणतात. डेकवर दिसणारी प्रत्येक वस्तू, म्हणजे दोर बांधायचे खुंट, कठड्याचे खांब, झाकणांच्या बिजागऱ्या, ही कोअरमधून भोक पाडून बोल्टने बसवलेली असते. भोकाभोवतीचं सीलंट काही वर्षांनी सुकतं, चिरतं. पाऊस त्या चिरेतून आत शिरतो आणि बाहेर यायला त्याला वाट नसते. वरून डेक चकाचक दिसतो आणि आत लाकडाचा लगदा झालेला असतो.

हे शोधायला यंत्र लागत नाही. छोटी प्लॅस्टिकची हातोडी घ्या, नसेल तर स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत चला. जागा धड असेल तिथे आवाज टणक आणि स्वच्छ येतो. थर सुटले असतील किंवा आत ओल असेल तिथे तो बसका, मेलेला येतो. थोडा वेळ ठोकलं की कानाला फरक कळायला लागतो. खुंट, खांब आणि खिडक्यांच्या आसपास जास्त वेळ द्या आणि बसका आवाज कुठून कुठपर्यंत येतो ते खडूने आखा. तळहाताएवढा डाग असेल तर ती किरकोळ दुरुस्ती. आखणी डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तर वरचा थर कापून, सगळं कोअर खरवडून काढून, नवीन भरून पुन्हा फायबर चढवायचं काम आहे. त्यात साहित्यापेक्षा मजुरी कितीतरी जास्त जाते.

दुसरी जागा ट्रान्सम. बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम आणि आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन, त्याच भिंतीवर लटकतं. आत बहुधा प्लायवूड असतं. इंजिन थोडं वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्या आणि बरोबरच्या माणसाला ट्रान्समच्या कडांवर नजर ठेवायला सांगा. भिंत हलली, कोपऱ्यातल्या बारीक भेगा उघडमीट करू लागल्या किंवा बोल्टच्या भोकाखाली तपकिरी ओघळ दिसले, तर लाकूड गेलेलं आहे. फरशीखालच्या आडव्या-उभ्या कण्यांचंही तेच. फरशीवर अनवाणी चाला. कुठे पाऊल दबलं की तिथे थांबा.

आता ऑस्मोसिसकडे येऊ, कारण त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जेलकोट वाटतो तितका जलरोधक नसतो. पाण्याचे कण त्यातून हळूहळू आत जातात, रेझिनमधल्या काही रसायनांमध्ये मिसळतात, त्यांचं दाट द्रावण होतं आणि ते आणखी पाणी ओढून घेतं. तळाला फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दिसायला भयंकर, पण एवढ्यामुळे बोट बुडण्याची वेळ क्वचितच येते. माझ्या मते लोक ऑस्मोसिसला गरजेपेक्षा जास्त घाबरतात आणि ओल्या डेककडे गरजेपेक्षा कमी बघतात. तुरळक फोड असतील तर भाव कमी करून घ्या. सगळा तळच फोडांनी भरला असेल तर जेलकोट सोलणं, बोट महिनोन्महिने सुकवणं आणि इपॉक्सीचे थर चढवणं असा लांबलचक उपाय असतो. त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

नव्या रंगाबद्दलही बोलायला हवं. विकण्याच्या तोंडावर काढलेला रंग म्हणजे लबाडीच असं नाही. बोट नीटनेटकी दिसावी असं कोणालाही वाटतं. पण रंगाखाली फोड, भेगा आणि जुन्या ठिगळांच्या कडा लपतात, म्हणून रंग देण्याआधीचे फोटो मागा. मग सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना बोटीच्या टोकाशी उभं राहून कडेने नजर टाका. सपाट दिसणाऱ्या अंगावरचे चढउतार आणि दुरुस्तीच्या जागा तेव्हाच दिसतात.

एकदा बुडून वर काढलेल्या बोटीही बाजारात येतात. कपाटांच्या आतल्या बाजूला पाण्याची सरळ रेघ, हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात बारीक गाळ, आतल्या स्क्रूंवर एकसारखा गंज आणि या सगळ्याबरोबर कोऱ्या गाद्या दिसल्या, तर सरळ विचारा.

लाकडी बोट असेल तर टोकदार आरीने संशयाच्या जागी टोचून पाहतात. लाकूड समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने जास्त कुजतं, म्हणून वरचे सांधे आधी बघा. लोखंडी बोट बाहेरून खरवडून रंगवता येते, पण गंज आतून, साचलेल्या पाण्याजवळ लागतो. तिथे पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घेण्याला पर्याय नाही.

## शिडाची बोट असेल तर

शिडाच्या बोटीच्या तळाशी एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने कललेली बोट याच्या वजनामुळे पुन्हा सरळ होते. पुष्कळ बोटींमध्ये कील बोल्टने बसवलेलं असतं. तळ आणि कील जिथे मिळतात तिथे पुढच्या बाजूला भेग दिसली, आतल्या बोल्टांभोवती गंजाचे ओघळ किंवा तडे दिसले, तर बोट कधीतरी खडकावर आदळली होती का, हे विचारावंच लागतं.

हा नुसता वहीम नाही. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही शिडाची बोट अटलांटिक ओलांडत असताना तिचं कील निखळलं, बोट उलटली आणि त्यावरचे चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने नंतर जो अहवाल दिला, त्यात आधीच्या आदळण्यांमुळे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलची जोडणी कमकुवत झाली असण्याची शक्यता मांडली होती. बोट बाहेरून ठीक दिसत असतानाही असं होऊ शकतं.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारांना वय असतं. अनेक विमा कंपन्या १० ते १५ वर्षांनंतर त्या बदलायला लावतात. तारा चकचकीत असल्या तरी त्यांची टोकं ज्या नळीत दाबून बसवलेली असतात तिथे आतून गंज धरतो. तारा शेवटच्या कधी बदलल्या याची पावती नसेल, तर त्या बदलायच्याच आहेत असं धरून हिशोब करा. शिडं उन्हाने जातात. शिवणीचा दोरा नखाने खरवडून तुटतो का पाहा.

## ‘फक्त ३०० तास’ म्हणजे काय?

बोटीच्या इंजिनाचं वय तासांत मोजतात. तीनशे तास ऐकायला छान वाटतं, पण बोट २० वर्षांची असेल तर वर्षाला १५ तास झाले. सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या बोटीलाही वर्षाला ५० ते १०० तास सहज होतात. मग ही बोट एवढी उभी का होती? उभ्या इंजिनात वंगण खाली उतरतं, सिलिंडरला ओल धरते, रबराचे भाग कडक होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. नियमित चाललेलं आणि वेळच्या वेळी तेल बदललेलं हजार तासांचं डिझेल इंजिन मी बंद पडून राहिलेल्या ३०० तासांच्या इंजिनापेक्षा आधी निवडेन.

मोठ्या हिशोबासाठी ढोबळ अंदाज असा: बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन साधारण १५०० तासांनंतर मोठ्या कामाला येतं, नीट सांभाळलेलं डिझेल ५००० तास किंवा त्याहून जास्त जातं. गाडीच्या मानाने हे आकडे कमी वाटतील. पण गाडीला अधूनमधून उतार लागतो, सिग्नलला थांबायला मिळतं. बोटीला उतार कधीच मिळत नाही.

तासांचा मीटर बदलता येतो. नव्या आउटबोर्डमध्ये मात्र इंजिनाचा संगणक स्वतःची नोंद ठेवतो. किती तास चाललं आणि त्यातले किती तास कुठल्या वेगाने, तेही त्यात असतं. कंपनीच्या मेकॅनिककडून लॅपटॉप जोडून ही नोंद काढून घेता येते, आणि ती काढायला विक्रेत्याने आढेवेढे घेतले तर तेही एक उत्तरच आहे.

इंजिन बघायला जाताना आधीच सांगून ठेवा की मी आल्याशिवाय चालू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा हात लावून ते थंड आहे ना बघा. गरम असेल तर कोणीतरी आधी चालू करून ठेवलंय. थंड इंजिनाचेच खरे रंग दिसतात. सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि धूर कसा येतो ते पाहा. सुरुवातीला थोडा धूर चालतो. तो निळसर असेल आणि थांबतच नसेल तर इंजिन तेल जाळतंय. काळा असेल तर इंधन पुरतं जळत नाहीये किंवा इंजिनावर जास्त भार येतोय. दाट पांढरा धूर तापल्यावरही येत राहिला, तर आत पाणी जात असल्याची शंका घ्यावी लागते.

तेलाची पट्टी बाहेर काढा. तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. आउटबोर्डच्या खालच्या गिअरचं तेलही असंच थोडं काढून बघतात. सिलिंडरचा दाब मोजून घ्या. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आसपास असायला हवेत. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर त्यातल्या धातूंवरून झीज कळते आणि सोडियम जास्त निघालं तर समुद्राचं पाणी आत येतंय हेही कळतं.

खाऱ्या पाण्यात चाललेल्या पेट्रोल इनबोर्डमध्ये, म्हणजे आत बसवलेल्या इंजिनात, एक महागडी जागा लपलेली असते: धूर बाहेर नेणारे लोखंडी पाइप. त्यांच्या अंगातून थंड करणारं खारं पाणी फिरत असतं, त्यामुळे ते आतून खात जातात. साधारण ५ ते ७ वर्षांनी ते बदलावे लागतात. ते आतून फुटले तर पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं आणि इंजिन जातं. ‘हे शेवटचे कधी बदलले?’ हा एक प्रश्न विचारला की विक्रेत्याने बोट कशी सांभाळली ते बऱ्यापैकी कळतं.

## पाण्याखालची भोकं आणि खाल्ले जाणारे धातू

बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात. इंजिनाला थंड करायला पाणी आत घ्यायचं, सांडपाणी बाहेर टाकायचं. प्रत्येक भोकावर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला सीकॉक म्हणतात. प्रत्येक सीकॉक स्वतःच्या हाताने उघडून बंद करून बघा. अडकलेला सीकॉक हा नसल्यात जमा असतो, कारण त्याला जोडलेला पाइप फुटला तर पाणी थांबवायला दुसरं काही नसतं. पितळी सीकॉक गुलाबी पडला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलेलं तांबं हाताच्या धक्क्यानेही तुटू शकतं. पंखा, म्हणजे प्रोपेलर, गुलाबी दिसला तर तेच.

असं का होतं? दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की त्यांच्यात वीज वाहते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. म्हणून बोटीला मुद्दाम एक बळीचा धातू लावतात, त्याला ॲनोड म्हणतात. खाऱ्या पाण्यात तो जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. तो झिजायलाच हवा. अर्धा झिजला की बदलायचा. बोट वर काढल्यावर ॲनोड पूर्ण गायब दिसला, तर त्यानंतर पंख्याची आणि शाफ्टची, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याची, पाळी आलेली असणार. उलट, पाण्यात बरीच वर्षं राहूनही तो जसाच्या तसा असेल, तर त्याची जोडणी तुटली आहे किंवा कोणीतरी त्यावरच रंग फासला आहे.

वायरिंगसाठी एकच गोष्ट करा. स्विचबोर्डाचं झाकण उघडून आत बघा. बोटीसाठी कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतात. घरगुती वायरचे जोड, चिकटपट्टीत गुंडाळलेले गठ्ठे, कुठे कशाला गेलीय ते न कळणाऱ्या वायरी दिसल्या, तर वायरिंग नव्याने करावं लागेल असं समजा. पेट्रोलच्या बोटीत हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाच्या खोलगट भागात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. बोटीच्या पोटात पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी इंजिन चालू करायचा आग्रह धरू नका.

## ‘माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, सर्व्हेअर कशाला?’

मेकॅनिक हवाच. पण तो इंजिन बघतो. सर्व्हेअर म्हणजे बोटीचं अंग, डेक, जोडण्या, वायरिंग, सुरक्षेची साधनं हे सगळं तपासून लेखी अहवाल देणारा स्वतंत्र तज्ज्ञ. त्याची फी बहुतेकदा बोटीच्या लांबीवर ठरते आणि ती खरेदीदार देतो. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला सर्व्हेअर चांगला असेलही, पण तुमचा तुम्ही शोधा. त्याचं पुढचं काम त्या दलालाकडून येणार नसावं, एवढं पुरे. तपासणीच्या वेळी बोट पाण्याबाहेर काढलेली असली पाहिजे आणि तुम्ही तिथे हजर असलं पाहिजे. अहवालात जे एका ओळीत येतं, ते उभ्या उभ्या दाखवायला तो अर्धा तास देतो.

सर्व्हेअर पाटे उचकटत नाही, इंजिन उघडत नाही. ‘दिसू शकलं नाही’ असं अहवालात जिथे लिहिलंय, ती वाक्यं पुन्हा वाचा.

‘छोट्या, स्वस्त बोटीला एवढा खर्च परवडतो का?’ असं कोणी विचारेल. ट्रेलरवर बसणाऱ्या साध्या उघड्या बोटीसाठी वर सांगितलेली ठोकाठोकी आणि चांगला मेकॅनिक पुष्कळदा पुरतो. बोटीला केबिन असेल, आत बसवलेलं इंजिन असेल किंवा कील असेल, तर सर्व्हेअरची फी वाचवू नये. आणि ट्रेलरही बघा. खाऱ्या पाण्यात बुडणारी बेअरिंग आणि वर्षानुवर्षं उन्हात उभी टायरं रस्त्यातच दगा देतात.

## आधी अट, मग आगाऊ रक्कम

क्रम असा ठेवा. आधी स्वतः पाहणी, मग लेखी प्रस्ताव, त्यात ‘तपासणी आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक असल्यास’ ही अट. मग थोडी आगाऊ रक्कम, बहुधा किमतीच्या १० टक्के, आणि ती कुठल्या परिस्थितीत परत मिळेल हेही कागदावर. त्यानंतर तपासणी.

पाण्यातली चाचणी म्हणजे धक्क्याभोवती एक गिरकी नव्हे. इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि मग काही मिनिटं पूर्ण वेगाने न्या. प्रत्येक इंजिनासाठी कंपनीने पूर्ण वेगाचे फेरे ठरवून दिलेले असतात. बऱ्याच आउटबोर्डसाठी ते मिनिटाला ५००० ते ६००० च्या दरम्यान येतात. इंजिन तिथवर पोचतच नसेल तर पंखा चुकीचा आहे, तळ घाण आहे किंवा इंजिन दमलंय. तापमानाचा काटा चढतच राहिला तर थंड करणारी यंत्रणा तुंबली आहे. परत आल्यावर फरशीची झाकणं उघडून तळाशी पाणी किती जमलंय ते बघा.

अहवाल हातात आला की विक्रेत्याशी हुज्जत घालण्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याकडून एकेका कामाचा लेखी खर्च घ्या आणि तोच समोर ठेवा. मजुरीकडे लक्ष असू द्या. गळकी टाकी स्वतः महाग नसते, पण काही बोटींत आधी टाकी ठेवून वर डेक बांधलेला असतो, आणि ती काढायला डेक कापावा लागतो.

## कर्ज माणसाचं, पण चिकटतं बोटीला

कागदपत्रांचा कंटाळा येतो, म्हणून तेवढ्यापुरतं थोडक्यात. सागरी कायद्यात एक जुनी कल्पना आहे: काही देणी मालकाच्या नव्हे, जहाजाच्या अंगावर बसतात. खलाशांचे थकलेले पगार, बोट वाचवणाऱ्यांचं देणं, टक्कर होऊन झालेलं नुकसान ही त्यातली नेहमीची. मालक बदलला तरी देणं बोटीबरोबर जातं, आणि नव्या मालकाला त्याची गंधवार्ताही नसते. बारकावे देशागणिक बदलतात. म्हणून बोट नोंदवलेल्या कार्यालयातून कर्जाचा बोजा नाही याचा उतारा घ्या आणि विक्रीच्या कागदावर ‘कोणतंही देणं बाकी नाही, निघाल्यास विक्रेता भरेल’ हे लिहून घ्या. मरिनाकडे, म्हणजे बोटी भाड्याने लावायच्या धक्क्याकडे, भाडं थकलंय का, हे तिथल्या कार्यालयात जाऊन विचारा.

बोटीच्या अंगावर एक ओळखक्रमांक असतो, बहुधा ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. अमेरिकेत तो १ नोव्हेंबर १९७२ पासून सक्तीचा आहे आणि १२ अक्षरांचा असतो; आंतरराष्ट्रीय मानकात देशाची खूण धरून १४ अक्षरं होतात. हा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक कागदांशी अक्षर न् अक्षर जुळवा. खरवडलेला, पुन्हा कोरलेला वाटला तर व्यवहार तिथेच थांबवा.

विकणारा खरंच एकटा मालक आहे ना, हेही बघा. ब्रिटनच्या जुन्या नोंदणीत जहाजाचे ६४ हिस्से धरतात आणि ते वेगवेगळ्या नावांवर असू शकतात. पद्धत कुठलीही असो, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात.

## ‘पण ही तर जवळजवळ फुकट मिळतेय!’

वर्षाचा खर्च बोटीच्या किमतीच्या १० टक्के धरावा असं सर्रास सांगतात. अंदाज वाईट नाही, पण कुठल्या किमतीच्या? तुम्ही दिलेल्या किमतीच्या धरलात तर फसाल. बोट स्वस्त झाली म्हणून तिचा पंप, तिची शिडं, क्रेनचं भाडं आणि धक्क्यावरची जागा स्वस्त होत नाही. हे सगळे खर्च तशीच नवी बोट केवढ्याला येते त्याच्या आसपास फिरतात. दशांश किमतीला मिळालेल्या बोटीवर पहिल्याच वर्षी खरेदीएवढा खर्च झाला तर त्यात नवल नाही.

फुकट बोटीचं गणित आणखी सोपं आहे. राहून गेलेल्या कामांचा आकडा बोटीच्या किमतीएवढा झाला म्हणून मालक ती फुकट देतोय. आकडा त्याहून मोठा असेल तर बोट मोडीत काढायचा खर्चही तुमच्याकडे येतो, आणि जुन्या फायबरला भंगारवाला घेत नाही.

## पैसे दिल्यानंतर

विमा मालकी बदलल्या क्षणापासून सुरू झाला पाहिजे, दुसऱ्या दिवसापासून नको. आधीच्या मालकाने काय काय बदललं याच्या पावत्या असल्या तरी पहिल्या मोसमाआधी सगळी तेलं, फिल्टर, पट्टे आणि पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर नवा घाला. यापुढचा हिशोब तुमच्या तारखेपासून मोजता येतो. बोट क्रेनने पाण्यात उतरवताना पट्टे लगेच सोडू देऊ नका. आत जाऊन प्रत्येक सीकॉक आणि शाफ्टची जागा हाताचं बोट लावून बघा, कोरडी आहे ना.

पहिल्या फेऱ्या लहान ठेवा, धक्क्यापासून फार लांब नको. बरीच वर्षं उभ्या असलेल्या टाकीच्या तळाशी गाळ बसलेला असतो आणि डिझेलमध्ये पाणी असेल तर त्यात जंतूंचा काळा चिखलही वाढतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो शांत पडून असतो. बाहेर लाटा लागल्या की ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं तिथेच बंद पडतं. दोन जादा फिल्टर आणि ते उघडायचा पाना बोटीत ठेवा, आणि फिल्टर कसा बदलायचा ते किनाऱ्यावर असतानाच एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.